घरातला इंग्रजीचा पेपर

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा एकाही माणसाशी आजवर पाच मिनिटं बोलले नाही. पनवेलच्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीचे वर्ग घेतले, निवृत्त झाले, आणि आता घरी शिकवण्या घेते. तळ्याजवळ पहिल्या मजल्यावर दोन खोल्या नि स्वयंपाकघर एवढं माझं घर आहे. नवरा गेला, मुलगा बंगळुरात. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत चटई पसरली की कोण कोण येऊन बसतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात बिलं करणारे, विमानतळावर नोकरी लागेल या आशेवर असलेली पोरं, मुलांना इंग्लिश मीडियमला घालून स्वतःच घाबरून गेलेल्या आया.

सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की असं का? ‘द’ कुठे लावायचा आणि कुठे नाही? मी म्हणते, सूर्य एकच आहे म्हणून सूर्याला ‘द’ लावायचा. तर मागून कोणीतरी विचारतं, “मग पनवेल काय दोन आहेत का बाई?” मला चिडायला वेळ लागत नाही. शाळेत पोरं माझ्यामागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. “असंच असतं, पाठ कर मेल्या,” म्हणते आणि पुढच्या धड्याकडे वळते. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मलाच माहीत नसतं. मला माझ्या बाईंनी पाठ करायला लावलं, मी यांना लावते. इंग्रजी आमच्याकडे असंच आलं, लोणच्याच्या पाककृतीसारखी, का ते न विचारता.

माझी मासेवाली उरणजवळच्या करंज्याची. सकाळी बंदरावर लिलाव उरकला की चार-सहा जणी मिळून टेम्पो करतात आणि पनवेलच्या बाजारात येऊन बसतात. मी तिला मावशी म्हणते, ती मला बाय म्हणते. वयानं मीच मोठी, पण बाजारात वय कोण विचारतो? तोंडाची मोठी फटकळ. एकदा मी सुरमईचा कल्ला उचलून बघायला लागले, तर आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, “काय बगतंस गो बाय? तुज्यापेक्षा ताजी हाय!” शेजारच्या साऱ्या जणी फिदीफिदी हसल्या. मीही हसले, आणि सुरमई घेतली. एवढ्या वर्षांत आमच्यात भांडण म्हणावं असं कधी झालं नाही, रोजची कटकट तेवढी.

एका सकाळी मात्र तिनं भाव सांगायच्या आधीच कोयता खाली ठेवला. मला म्हणाली, “बाय, माजी पोरगी नर्स हाय तुला म्हाईत हाय ना? तिला इंग्लंडला बोलवतान. म्हाताऱ्या मानसांच्या आश्रमात. पन इंग्रजीचा पेपर पास होवाला पायजे. शिकवशील काय?”

मी म्हटलं, पाठव. मग तिनं आवाज खाली आणला, आणि तिला आवाज खाली आणता येतो हे मला त्या दिवशी कळलं. तिच्या भावानं पोरीसाठी मुलगा बघून ठेवला होता. घरची बोट, नवं घर, सगळं चांगलं. पण त्या घरात सुनेनं रात्रपाळ्या करायच्या नाहीत, म्हणजे नर्सिंगला रामराम. नवरा नसलेल्या बाईला भावाचा शब्द सहज मोडता येत नाही. तरी हिनं सांगून टाकलं होतं, की पोरीचा इंग्रजीचा पेपर होऊ दे, पास झाली तर जाईल, नाही झाली तर तुझ्या मनासारखं कर. “मी त्याला शबूद दिलाय,” ती म्हणाली. “आता तुज्या हातात हाय.”

माझ्या हातात!

मुलगी आली ती ड्यूटीवरून थेट. पनवेलच्याच एका खासगी रुग्णालयात होती. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, हाताला सॅनिटायझरचा वास. चटईवर बसली की पाच मिनिटं नुसती पाय चोळायची. आईसारखी बोलकी नाही, पण हसली की अगदी आईच. दवाखान्यातले सगळे इंग्रजी शब्द तिला तोंडपाठ होते, रोगांची आणि औषधांची नावं तर माझ्याहून स्वच्छ म्हणायची. पण दोन शब्दांच्या मधली जागा भरायची म्हटली की घाम फुटायचा. मी विचारायचे, काल काय झालं वॉर्डात ते इंग्रजीत सांग. मग ती सुरू व्हायची आणि काल, आज, उद्या यांची अशी काही खिचडी करायची की मेलेला पेशंट पुढच्या वाक्यात चहा मागायचा. मी कपाळाला हात लावायचे, आणि दोघींना हसू यायचं.

तिच्या परीक्षेत ऐकायचं, वाचायचं, लिहायचं आणि बोलायचं असे चार भाग होते. वाचनाचे उतारे मी कुठून कुठून गोळा केले. हिमनद्या कशा सरकतात. घोड्यांच्या शर्यतीचा इतिहास. कुठल्याशा थंड देशात शेताच्या कडेला झुडपांची कुंपणं का घालतात. ती वाचायची आणि मान वर करून विचारायची, “बाई, यात माणसं कुठे आहेत?” मी म्हणायचे, माणसं राहू दे, उत्तर शोध. पण प्रश्न बरोबर होता. ज्या गोष्टी मीही कधी पाहिल्या नाहीत त्या मी तिला समजावत होते, हातवारे करून, शब्दकोश मांडीवर ठेवून. एकदा त्या कुंपणाचं चित्र काढायला गेले, तर ती म्हणाली, “बाई, हे मिठागराच्या बांधासारखं दिसतंय.” मी म्हटलं, तसंच समज.

बोलण्याच्या सरावाला एक प्रश्न नेहमीचा असतो, सुट्टीत तुम्ही गेलात त्या एखाद्या जागेबद्दल सांगा. ती गप्प. मी म्हटलं, अगं काहीतरी बोल, गप्प राहिलीस तर शून्य मिळेल. तर म्हणाली, “मी सुट्टीत कुठे जाते बाई? सुट्टीत मी बोंबील वाळवते.” मी वैतागून म्हटलं, “मग तेच सांग!” आणि ती सांगायला लागली. बंदरावर बांबूच्या काठ्या आडव्या बांधतात. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते काठीवर टांगायचे. वारा कुठून येतो ते बघून काठ्यांची दिशा ठरवायची. ढग आले की सगळी गल्ली धावते, मग कोणाचे बोंबील ते कोणी बघत नाही. हे सगळं इंग्रजीत, चुकत, अडखळत, पण थांबेचना. काळ इकडचे तिकडे, ‘द’चा पत्ता नाही, आणि मी, जिला दुसऱ्या शब्दाला टोकल्याशिवाय राहवत नाही ती मी, तोंड मिटून ऐकत राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही पोर पास होणार. मला इतका आनंद झाला की मी तिला उगाचच रागावले, उद्या वेळेवर ये म्हणून.

पेपर केंद्रावर द्यायचा असं ठरलं होतं. पण एजंटनं सांगितलं की केंद्रावरच्या तारखा भरल्या, आणि त्या महिन्यात निकाल हातात आला नाही तर आश्रमवाले दुसरी नर्स घेतील. आता एकच वाट, पेपर घरी बसून कॉम्प्युटरवर द्यायचा. करंज्याला तिचं घर म्हणजे भिंतीला भिंत लागलेली, एकाच्या घरात शिंकलं तर दुसऱ्याच्या घरात ‘शतायुषी हो’ म्हणतात. म्हणून माझी आतली खोली ठरली. मुलानं मागे ठेवलेला लॅपटॉप होताच.

त्या परीक्षेचे नियम आम्ही दोघींनी मिळून वाचले. देवा रे देवा! पेपराचं इंग्रजी परवडलं, नियमांचं नको. सार एवढंच होतं की खोलीत दुसरं कोणी असता कामा नये. दार बंद. दुसऱ्याचा आवाज आला, कोणी आत आलं, परीक्षार्थीनं नजर वळवली की पेपर रद्द. कॅमेऱ्यातून कुठल्यातरी देशात बसलेला माणूस सारा वेळ बघत राहणार. भिंतीवर अक्षर असलेलं काही नको, म्हणून आम्ही कॅलेंडर उतरवलं. गणपतीच्या फोटोखाली दुकानाचं नाव छापलेलं होतं, तोही काढावा लागला. तिनं आधी नमस्कार केला आणि मग काढला.

पेपराच्या दिवशी मी सकाळपासून पहाऱ्यावर. बेलची वायर काढून ठेवली. कुकर लावला नाही. खालच्या वॉचमनला बजावलं की कोणालाही वर सोडू नकोस, कुरिअरवाला येऊ दे नाहीतर पंतप्रधान. कोणी दार ठोठावू नये म्हणून बाहेरचं दार नुसतं लोटून ठेवलं आणि आतल्या खोलीच्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. ऐकायचा भाग झाला. वाचायचा सुरू झाला. आत इतकी शांतता की माऊसची टिकटिक मला बाहेर ऐकू येत होती. मी देवाचं नाव घेत होते, मनातल्या मनात, ओठही न हलवता.

आता तिच्या आईची बाजू सांगायला हवी, जी मला नंतर मुलीकडून कळली. करंज्याला त्यांच्या घरी कुठल्याही मोठ्या कामाला निघायच्या आधी दृष्ट काढतात. बोट समुद्रात जायची असो, नवरी निघायची असो, पोराची परीक्षा असो. पोरीच्या दहावीपासून नर्सिंगच्या शेवटच्या पेपरापर्यंत प्रत्येक पेपराच्या सकाळी आईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या होत्या, आणि पोरगी एकदाही नापास झाली नव्हती. त्यांच्या घरची रीत अशी की एकदा मिरच्या मुठीत घेतल्या की त्या विस्तवात पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्या दिवशी बोट उशिरा लागली. आई बंदरावर लिलावात अडकली आणि पोरगी तिची वाट बघून निघून आली. आईनं मग माल जावेवर सोपवला, घरी जाऊन मूठ भरली, आणि करंज्याहून पनवेलपर्यंत आली. वाटेत रिक्षावाल्यालाही बोटानंच दाखवलं असणार. वॉचमन तिला ओळखत होता, माझी कोलंबी तीच कधी कधी घरपोच करायची. त्यानं काही विचारलं असेल, तर हिनं मानेनंच हो म्हटलं असेल.

दार अलगद उघडलं आणि ती माझ्यासमोर उभी. घामाघूम, पदर खोचलेला, उजवी मूठ घट्ट. मी उठले आणि तोंडावर बोट ठेवलं. तिनंही लगेच तोंडावर बोट ठेवलं आणि मान डोलावली. मला वाटलं, हिला कळलं. हायसं वाटलं. आणि ती सरळ आतल्या दाराकडे निघाली.

मी आडवी आले. तिनं मूठ वर करून मला दाखवली, म्हणजे बघ, दृष्ट काढायचीय. मी दोन्ही हात हलवले, नको, नको. तिनं हसून माझ्या गालावरून डावा हात फिरवला, घाबरू नको, एका मिनिटाचं काम आहे. बोलावं तर माझा आवाज आत जाणार. न बोलावं तर ही जाणार. मी तिचा दंड धरला. आयुष्यभर मासळीच्या पाट्या उचललेला दंड तो, माझ्यानं काय आवरणार? तिनं मला उचलल्यासारखं बाजूला केलं, अगदी हळुवार, जसं आजारी माणसाला करतात. मी पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पोरीची दृष्ट काढताना आड का येतेस गं? दोन बायका त्या एवढ्याशा जागेत झटापट करत होत्या आणि कोणाच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. जन्मभर शब्द विकून पोट भरलं मी, आणि त्या घटकेला माझ्याजवळ वापरता येईल असा एक शब्द नव्हता, मराठी नाही आणि इंग्रजीही नाही.

तिनं दार उघडलं.

मुलगी दाराकडे पाठ करून बसली होती. पडद्यावर कोपऱ्यात तिचाच छोटा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यामागे दार उघडताना, आई आत येताना तिला दिसली. ती वळली नाही. नजर हलवायची नाही हा नियम तिनं पाळला. डोळे उताऱ्यावर, ओळीमागून ओळ, जणू आपण पाहिलं नाही तर ते झालंच नाही. आईनं पोरीकडे पाहिलं, ती नुसती एका यंत्रासमोर बसलेली. ना पेपर, ना पेन, ना घंटा, ना फेऱ्या मारणारे मास्तर. अजून सुरू व्हायचंय हे तिनं सहज धरलं, आणि कोणीही धरलं असतं. तिनं डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून. तिसरी फेरी संपायच्या आत पडद्यावरचा उतारा गेला आणि पांढऱ्या पाटीवर चार ओळी उमटल्या.

आई मागे न बघता स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मग मिरच्या तडतडल्या आणि असा काही खाट उठला की आम्ही तिघीही खोकायला लागलो. मुलगी खोकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कशानं ते मला ओळखता आलं नाही. आई पदरानं नाक पुसत बाहेर आली, चेहरा असा फुललेला. करंज्यापासून मिटलेलं तोंड तिनं उघडलं.

“ठसका लागला! म्हंजे मोठी नजर नव्हती, जराशीच व्हती. गेली.” मग पोरीच्या पाठीवर हात ठेवला. “आता बस पेपराला.”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे, पण जे बोलले असते ते वाईट असतं, माझा स्वभाव मला माहीत आहे. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण मुलीनं खुर्ची फिरवली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आईचा हात पाठीवरून काढून दोन्ही हातांत घेतला.

“झाला पेपर, आये.”

“कवा?”

“आताच संपला. तू आलीस तवाच.”

“चांगला गेला?”

“चांगला गेला.”

“ह्यो काय लिवलाय?” आईनं पडद्याकडे बोट केलं. पेपर नियमभंगामुळे बंद करण्यात आला आहे, असं तिथे लिहिलं होतं.

“पेपर संपला, आता घरी जा, असा लिवलाय,” मुलगी म्हणाली. आई माझ्याकडे वळली, “बाय, खरा ना?” आणि मी मान हलवली. मग तिनं मला मिठी मारली. घामाचा, मासळीचा, जळक्या मिरचीचा वास. मी लाकडासारखी उभी राहिले.

ती गेल्यावर मुलगी तिथेच जमिनीवर बसली. रडली नाही. म्हणाली, “बाई, आईला सांगायचं नाही. कधीच नाही. ती मरून जाईल.” मी म्हटलं, अगं पण आपण त्यांना लिहू, समजावू, माणसंच आहेत ती. मला खरंच वाटत होतं की समजावता येईल. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून एवढंही येऊ नये?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लिहायला बसलो. दृष्ट काढणं इंग्रजीत कसं लिहायचं? शब्दकोशात शब्द आहे, त्याचा अर्थ होतो दुष्ट डोळा. म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार काहीतरी चेटूक चालू होतं. मी ते खोडलं. मीठ आणि मिरच्या ओवाळल्या असं लिहिलं, तर वाचून वाटेना की हे परीक्षेच्या खोलीत का केलं. रीत लिहावी, तर रीत इतकी महत्त्वाची असेल तर आधी का नाही उरकली? बोट उशिरा आली. बोट कशाला उशिरा आली? प्रत्येक वाक्य व्याकरणाला पक्कं होतं, मी स्वतः तपासलं होतं, आणि एकाही वाक्यात ती बाई नव्हती. शेवटी मुलगी म्हणाली, “बाई, साधं लिहा. आई आशीर्वाद द्यायला आली होती.” तेच लिहिलं. किती सुंदर दिसत होतं ते इंग्रजीत! मला रडू आलं.

उत्तर आलं, फार सभ्य. आपल्या परिस्थितीबद्दल आम्हांला सहानुभूती आहे. परंतु परीक्षा चालू असताना बाहेरील व्यक्तीची मदत घेणं नियमात बसत नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत आपल्याला पुन्हा परीक्षेला बसता येणार नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, कुठे फट सापडते का ते बघायला. मदत म्हणे! मी परत लिहिलं, तेच उत्तर परत आलं, अक्षर न अक्षर तेच. फोन लावला तर एक बाई यंत्रातून बोलत होती, अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. आईच्या मिरच्यांसाठी कुठला आकडा दाबायचा ते काही तिनं सांगितलं नाही. मी फोन आपटला. त्यानं काय व्हायचं होतं?

महिना संपला. एजंटनं दुसऱ्या मुलीचं नाव पुढे केलं. बाजारात मात्र मावशी जो भेटेल त्याला सांगत होती, पोरगी इंग्लंडला चालली, पेपर चांगला गेला, निकाल यायचाय. मी त्या बाजूला जाणंच सोडलं. अंडी खाल्ली, डाळ खाल्ली. मुलगी अजून कधी कधी यायची, ड्यूटीवरून घरी जाता जाता. आम्ही पुस्तक उघडायचो नाही, चहा प्यायचो. एके दिवशी सांगितलं तिनं, “बाई, आईला सांगितलं मी. नापास झाले म्हणून.” मी विचारलं, काय म्हणाली? “मामाला फोन लावला.” मग म्हणाली, “मुलगा बरा आहे, बाई. वाईट नाही.” तिच्याकडे बघवेना म्हणून मी कपबशा धुवायला उठले.

शेवटी किती दिवस टाळणार? एका सकाळी गेले बाजारात. मावशी पापलेटांवर पाणी मारत होती. मला बघून तिनं हात थांबवला. नेहमीचं ‘ये गो बाय’ नाही. शेजारच्या जणीही गप्प झाल्या, म्हणजे माझ्यावर बोलणं आधीच झालेलं होतं.

“बाय,” ती म्हणाली, आणि आवाज चांगला चढलेला, “माजी पोर आजपातूर कंदी नापास नाय झाली. धावीला नाय, बारावीला नाय, नर्शीला नाय. तुज्याकडं आली आनि नापास झाली. काय शिकवलास तू तिला?”

सगळा बाजार ऐकत होता. माझ्या कानशिलांत आग झाली. मी, जिच्या हाताखालून अर्धं पनवेल गेलं, जिच्यासमोर भले भले नगरसेवक अजून हात मागे बांधून उभे राहतात, तिला मासळी बाजारात उभं करून हा प्रश्न? जिभेवर सगळं आलं होतं. ती सकाळ, तो पदर, ती मूठ, पडद्यावरचा पोरीचा चेहरा. एका वाक्याचं काम होतं. मी तिच्या हातांकडे पाहिलं. खवल्यांनी चकचकणारे, थंड पाण्यानं बोटांची टोकं सुरकुतलेली.

“नाही जमलं मला,” मी म्हटलं. “माझंच शिकवणं कमी पडलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. भांडायच्या तयारीत होती, आणि समोरून भांडणच येईना. तिचे खांदे उतरले. तिनं टोपलीतलं एक मोठं पापलेट उचललं, साफ न करताच माझ्या पिशवीत घातलं, आणि ओला हात माझ्या हातावर ठेवला. पोरीची हळद कधी आहे ते सांगितलं, ये म्हणाली, नक्की ये. मला मान वर करता येईना. तिला वाटलं मी लाजले.

“जाव दे गो बाय,” ती म्हणाली, “तू काय मुद्दाम केला नाय.”